गाऊनची व्याख्या

दार बंद झालं तेव्हा मिनलच्या एका हातात ओल्या कचऱ्याची बादली होती, दुसऱ्या हातात सुक्या कचऱ्याची पिशवी होती आणि अंगात गाऊन होता. चावी, मोबाइल आणि सव्वादोन वर्षांची आरोही या तिन्ही गोष्टी दाराच्या आत होत्या.

मोशीच्या त्या सोसायटीत सातव्या मजल्यावर वारा कायमचा. बाल्कनीचं दार उघडं राहिलं की पुढचं दार धाडकन ओढलं जातं आणि लॅच आपोआप लागतो, हे धम्मरत्नने तिला किमान दहा वेळा सांगितलं होतं. "एक दिवस बाहेर अडकशील," असंही तो म्हणाला होता. तेव्हा मिनलला रागच आला होता, कारण घरातल्या धोक्यांची यादी ठेवणं हे तिचं खातं होतं. प्लगच्या भोकांना चिकटपट्टी, टेबलाच्या कोपऱ्यांना फोम, बाल्कनीला जाळी, औषधं कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर. त्या यादीत 'आई स्वतःच बाहेर अडकणे' असा धोका नव्हता.

तिने आधी बादली खाली ठेवली. मग दार ढकललं. मग पुन्हा ढकललं, जणू पहिल्या वेळी दाराला ऐकू आलं नसावं.

"आरू! आरू बाळा!"

"भॉक!" आतून आवाज आला. आरोहीच्या मते खेळ सुरू झाला होता.

गॅसवर कुकर होता. एक शिट्टी झाली होती, तीन व्हायच्या होत्या. पण मिनलला खरी धास्ती होती ती कुकरची नाही. पाणी एक दिवसाआड येतं, आज यायचा दिवस होता, आणि बाथरूममध्ये मोठी बादली काठोकाठ भरून ठेवलेली होती. बाथरूमची बाहेरची कडी आपण लावली का, हे तिला आठवत नव्हतं. कडीवर हात ठेवल्याचं आठवत होतं. पण तो आजचा हात होता की कालचा, हे नक्की होत नव्हतं. लहान मुलाला बुडायला किती कमी पाणी पुरतं, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. मिनल असलं सगळं वाचायची आणि नेमकं तेवढंच तिच्या लक्षात राहायचं.

समोरच्या फ्लॅटमधल्या सुमनताई शाळेत शिकवायच्या, त्या सातलाच गेलेल्या. उरलेले दोन फ्लॅट विकले गेले होते, पण राहायला कोणी आलं नव्हतं. धम्मरत्न फर्स्ट शिफ्टला चाकणला आणि त्याचा मोबाइल कंपनीच्या गेटवरच्या लॉकरमध्ये. राहिली एकच चावी. मागे एका बंद फ्लॅटचा नळ चालू राहून खालच्या तीन घरांत पाणी गेलं होतं, तेव्हापासून प्रत्येक घराची एक जादा चावी सोसायटीच्या ऑफिसात, कपाटात ठेवलेली असायची.

म्हणजे खाली जायला हवं होतं. आरोहीला सोडून.

तिने दाराला तोंड लावलं. "आरू, ऐक. तिथंच बस. दारापाशी. आणि टाळ्या वाजव. आई येईपर्यंत थांबायचं नाही हं. वाजव बघू."

आतून टाळ्या सुरू झाल्या. ओल्या, चपट्या, चुरमुरे खाता खाता थांबलेल्या हातांच्या टाळ्या. तो आवाज कानात धरून मिनल लिफ्टकडे धावली.

लिफ्टमध्ये आरशाशेजारी नोटीस लावलेली होती. पारदर्शक प्लास्टिकात बंद केलेली, चारी कोपऱ्यांना स्क्रू. ती नोटीस मिनलला पाठ होती. तिनेच लिहिली होती.

तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. सोसायटी ज्या जमिनीवर उभी होती ती मुळात सेक्रेटरी दादासाहेबांच्या घरची. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटांपैकी दुसऱ्या मजल्यावरच्या दोहोंत ते आणि त्यांच्या आई कुशाबाई राहत. कुशाबाईंना भेटायला गावाकडून, चाकण-राजगुरुनगर भागातून पाहुणे येत, आणि खाली पार्किंगमध्ये बायका गाऊनवर भाजी घेताना दिसत. "आईला अवघडल्यासारखं होतं," असं दादासाहेबांनी सभेत सांगितलं आणि ठराव झाला, की यापुढे गाऊन घालून खाली यायचं नाही.

ठराव दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी वॉचमन उद्धवरावांनी बी विंगमधल्या एका बाईंना अडवलं, तर त्या म्हणाल्या, हा गाऊन नाही, मॅक्सी आहे. दुसऱ्या म्हणाल्या, कफ्तान आहे. तिसऱ्या म्हणाल्या, नाईटी म्हणजे रात्रीची, आत्ता सकाळचे अकरा वाजलेत. चौथ्यांनी गाऊनवर टॉवेल घेतला होता. टॉवेल घेतला की तो ड्रेस होतो, असं त्यांच्या माहेरापासून चालत आलेलं होतं. उद्धवराव परभणीकडचे, साधा माणूस. त्यांनी हात टेकले.

तेव्हा दादासाहेब मिनलकडे आले. "वहिनी, तुम्ही एम.ए. झालेल्या. गाऊन म्हणजे काय, ते एकदाचं लिहून द्या. पळवाट राहता कामा नये."

आरोही झाल्यापासून मिनलला कोणी काही लिहायला सांगितलं नव्हतं. तिला विचारले जाणारे प्रश्न म्हणजे शी झाली का आणि भात उरलाय का. ती दोन रात्री शब्दकोश घेऊन बसली. या शब्दाच्या मूळ मुलखात न्यायाधीशही गाऊन घालतात, नवरीही घालते, ऑपरेशनला नेताना पेशंटलाही घालतात, हे तिने टिपून ठेवलं. भिंतीवर तिचा स्वतःचा पदवीदानाचा फोटो होता, त्यातही ती काळ्या गाऊनमध्येच होती. हे सगळे गाऊन वगळून, फक्त बायकांनी घरात घालायचा तो तेवढा पकडायचा, हे काम जाळीतून एकच मासा काढण्यासारखं होतं. तिने तो काढला. अंगातला गाऊन न बदलता काढला.

'कलम एक : गळ्यापासून घोट्यापर्यंत सलग असलेले, पायांच्या मधून न विभागलेले. कलम दोन : कमरेला कशानेही न आवळलेले. कलम तीन : असे घरगुती सुती वा तत्सम वस्त्र, मग त्यास मॅक्सी, नाईटी, कफ्तान वा अन्य कोणतेही नाव असो, गाऊन समजले जाईल. कलम चार : टॉवेल, ओढणी वा स्वेटर वरून घेतल्याने गाऊनचे गाऊनपण नष्ट होत नाही.'

कलम चारवर तर ती खूश होती. नंतर सोसायटीतल्या बायकांनी तिच्याशी बोलणं जवळपास बंद केलं, तेव्हा ती एकटीच खूश होती.

लिफ्ट खाली थांबली.

"मॅडम!" उद्धवराव खुर्चीतून उठलेच. "असं कसं आलात वो?"

"उद्धवराव, आरोही आत अडकलीय. दार लागलं. कुकर आहे गॅसवर. ऑफिसातली चावी द्या, पटकन."

"आरं देवा." ते ऑफिसकडे दोन पावलं धावले आणि थांबले. ऑफिसचं काचेचं दार आतून बंद झालं होतं. आत मॅनेजर समाधान हातात कडी धरून उभा होता.

"मॅडम, जरा अडचण आहे," तो काचेतून म्हणाला. "चावी घरमालकालाच द्यायची. सही इथं आत, कॅमेऱ्यासमोर. आणि आत गाऊन चालत नाही."

"अहो, लेकरू आहे आत! दोन वर्षांचं!"

"मला कळतंय ना. पण साहेब मोबाइलवर कॅमेरा बघत असतात. मागच्या वेळी मी एकांना येऊ दिलं, तर मला लेखी विचारलं. तुम्ही दुसरं काही घालून या ना, पाच मिनिटांत."

"दुसरं सगळं घरात आहे!"

"हां," समाधान म्हणाला, आणि खरोखरच विचारात पडला.

"मग रजिस्टर बाहेर द्या. इथं सही करते."

"रजिस्टर बाहेर नेता येत नाही. तोही नंतर झालेला ठराव आहे. तुमच्याच हस्ताक्षरात आहे, मॅडम."

मिनलने काचेवर मूठ मारली. काच मजबूत होती. उद्धवराव मध्ये आले आणि त्यांनी हात जोडले. "ताई, पाया पडतो तुमच्या, काच फोडू नका. माझ्या नावावर दोन मेमो हायेत, दोन्ही गाऊनचेच. तिसरा झाला की घरी पाठवतेत. या वयात मला कोण ठिवून घेतंय? घरी माझी बी नात हाय, तुमच्या आरूएवढीच." त्यांचे डोळे भरले होते. "काहीतरी काढा की त्याच्यातून. तुमीच लिवलंय. काही ना काही सोडलं आसंल."

मिनलने काही सोडलं नव्हतं. ती कलमं मनात पुन्हा पुन्हा फिरवत राहिली, आणि प्रत्येक वेळी शेवटी भिंतच लागत होती. ओढणी? कलम चार. दुसरं नाव? कलम तीन. आपण किती चांगलं लिहितो हे तिला पहिल्यांदाच इतकं स्पष्ट कळलं. आणि सगळ्या कलमांच्या मागे ती बादली होती, काठोकाठ, निळ्या रंगाची.

"काय गं, काय गोंधळ हाय?"

पार्किंगच्या जाड खांबाआडून आवाज आला. तिथल्या बाकड्यावर कुशाबाई रोज सकाळी बसायच्या. तेवढीच एक जागा कॅमेऱ्यात येत नव्हती, आणि मिश्री लावायला लेकाने बंदी केली होती.

"आजी, पोरगी आत कोंडलीय. हे चावी देत नाहीत. गाऊन घातलाय म्हणून."

"कोन देत न्हाई?" बोट तोंडातून काढून कुशाबाई उठल्या. "कुनाचा नेम हाय ह्यो?"

"दादासाहेबांचा," उद्धवराव पुटपुटले. "तुमच्यासाठीच केलाय जी. तुमाला अवघडल्यासारखं होतंय म्हनून."

"मला?" कुशाबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की उद्धवराव मागे सरले. "मला अवघडतंय ते गुडघ्यानी. बरं ते राहू दे. काय लिवलंय, वाच."

मिनलने वाचलं नाही, म्हणून दाखवलं, एका दमात. "गळ्यापासून घोट्यापर्यंत सलग असलेले, पायांच्या मधून न विभागलेले..."

"थांब. न विभागलेलं व्हय?" त्या जवळ आल्या. "मंग विभाग की! हिकडं ये, खांबाआड. आन् फुडं काय?"

"कमरेला कशानेही न आवळलेले."

"उद्धवा, ती शिट्टीची दोरी दे."

उद्धवरावांनी गळ्यातली जाड निळी दोरी काढली, शिट्टी सोडवून मुठीत धरली आणि पाठ फिरवून उभे राहिले. कुशाबाईंनी दोरी मिनलच्या कमरेला करकचून बांधली, गाऊनचा पुढचा घेर मुठीत गोळा केला, दोन पायांमधून मागे ओढला, वर खेचला आणि दोरीत असा खोचला की मिनल दोन इंच उचलली गेली. सत्तर वर्षं रोज एकच काम केलेले हात होते ते. भातलावणीच्या चिखलात उभं राहूनही जो सुटत नाही असा कासोटा, गुलाबी फुलांच्या गाऊनचा.

"घ्या आता," त्या म्हणाल्या. "म्हना गाऊन."

उद्धवरावांनी वळून बघितलं. मग त्यांनी लिफ्टचं दार उघडं धरून आतल्या नोटिशीवर बोट ठेवलं, कलम एक वाचलं, मिनलकडे बघितलं. कलम दोन वाचलं, पुन्हा बघितलं. इतक्या गंभीरपणे त्यांनी आयुष्यात काही वाचलं नसेल.

"समाधान साहेब," ते म्हणाले, "गाऊन न्हाई."

समाधानने काचेतून स्वतःच्या मोबाइलवरची नोटीस पडताळली आणि दार उघडलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. चावी मिळाली. मिनलने इतक्या घाईत सही केली की ती बँकेने नाकारली असती.

ती लिफ्टकडे वळली आणि पार्किंगमधले दिवे गेले. गुरुवार होता. मोशीत गुरुवारी वीज जाते हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. जनरेटर फक्त पाण्याच्या मोटारीला.

मिनल जिन्याने धावली. आणि तिच्या लक्षात आलं, की आपण धावू शकतोय. रोजच्या गाऊनमध्ये ती जिना चढली असती तर तिसऱ्या पायरीला पाय अडकून तोंडावर पडली असती. आता पाय मोकळे होते. ती दोन दोन पायऱ्या घेत होती. चौथ्या मजल्यावर एका बाईंनी दार उघडलं, किंचाळल्या आणि बंद केलं. पाचव्यावर मिनलने कान दिला. कुकरची शिट्टी नाही. एव्हाना तीन व्हायला हव्या होत्या. शिट्टी होत नाही म्हणजे काय? व्हॉल्व्ह अडकला असेल. उतू जाऊन ज्योत विझली असेल. ज्योत विझली म्हणजे गॅस घरभर.

सहाव्यावर तिने पुन्हा कान दिला. टाळ्याही नव्हत्या.

सातव्यावर ती पोचली तेव्हा मजला इतका शांत होता की कचऱ्याच्या बादलीवर बसलेली माशी ऐकू येत होती. "आरू," तिने हाक मारली. आतून काही नाही. "आरू, भॉक!" काही नाही. चावी फिरली, लॅच सरकला, दार दोन बोटं आत गेलं आणि अडकलं.

तिने खांदा लावला. दार हललं नाही. फटीतून तिला हॉलचा एक पट्टा दिसत होता. सांडलेले चुरमुरे, उपडी वाटी. दारापाशी कोणी बसलेलं नव्हतं. पलीकडे बाथरूमची वाट होती, पण दार दिसत नव्हतं, त्याच्यासमोरच्या फरशीवर फक्त उजेडाचा एक तुकडा पडला होता. तो उजेड उघड्या दारातून येतोय की खिडकीतून, हे तिला ठरवता येईना. पाच वर्षं याच घरात राहून आपल्याला उजेड कुठून येतो ते माहीत नाही, असं तिच्या मनात आलं, आणि ती रडायला लागली. रडता रडताच तिने फटीतून हात घातला, कोपर सोलवटलं आणि बोटांना काहीतरी कडक लागलं.

धम्मरत्नचा जुना सेफ्टी शूज. लोखंडी टोपणाचा, कंपनीने दिलेला, अंगावर बीम पडला तरी बोटं वाचवणारा. आरोहीने तो ओढत आणून दाराखाली पाचर मारल्यासारखा बसवला होता.

मिनलने तो बोटांनी मागे रेटला. अर्धा इंच. आणखी अर्धा. मग दार एकदम उघडलं आणि ती चुरमुऱ्यांवर गुडघ्यांवर पडली, तशीच उठली, बाथरूमकडे धावली.

बाथरूमच्या दाराला बाहेरून कडी होती. तिनेच लावलेली. आजच्या हाताने.

स्वयंपाकघरात कुकर थंड होत चालला होता. गॅसचा वास नव्हता, कारण गॅसच नव्हता. सिलिंडर संपला होता. दोन दिवस ती धम्मरत्नला म्हणत होती, नंबर लाव, नंबर लाव.

"आरू!"

बेडरूममध्ये पलंगाजवळ धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता आणि तो ढीग हलत होता. मिनलने तो उपसला. आत आरोही होती. तिने आईचा दुसरा गाऊन डोक्यातून घातला होता, पिवळा, चौकटीचा. दोन्ही हात बाह्यांमध्ये पार हरवले होते, चेहरा घामाने लाल झाला होता. आणि ती टाळ्या वाजवत होती. थांबलीच नव्हती. कापडाच्या आत, कापडावर कापड, आवाज न होणाऱ्या टाळ्या.

"आई, ताली," ती दमून म्हणाली.

मिनल तिला पोटाशी धरून फरशीवर बसली. किती वेळ बसली कोणास ठाऊक. कासोटा काही केल्या सुटला नाही.

संध्याकाळी धम्मरत्न आला, त्याने सगळं ऐकून घेतलं. मग बाल्कनीच्या दाराला एक खुंटी ठोकायला घेतली. "मी सांगितलं होतं" हे शब्द तो हातोडीने ठोकतोय, असं मिनलला वाटत राहिलं. तेवढ्यात बेल वाजली. दादासाहेब होते, मोबाइल पुढे धरून.

"वहिनी, तुमच्याकडून परत एक नोटीस लिहून घ्यायचीय. हे बघा, ग्रुपवर फिरतंय. वीज गेली तेव्हा बाकीच्या कॅमेऱ्यांचं सगळं उडालं, जिन्यातला बॅटरीवर होता म्हणून सापडलं. सकाळी कोण बाई घुसलीय बघा आपल्यात."

पडद्यावर अंधुक जिना होता. एक बाई कासोटा मारून, केस मोकळे सोडून, दोन दोन पायऱ्या घेत वर चालली होती. चेहरा दिसत नव्हता. खाली लोकांनी लिहिलं होतं : 'चोर?' 'ही कामवाली कोणाची?' एकाने लिहिलं होतं, 'अमावस्या कधी आहे?'

"समाधानला विचारलं, तो म्हणतो ऑफिसात गाऊनमधलं कोणी आलं नाही. मी कुठं गाऊनचं विचारलं? उद्धव तर तोंडच उघडत नाही, नुसते हात जोडतो. परकी बाई गेटमधून आत येते आणि त्याला पत्ता नाही. मी त्याला सांगितलंय, उद्यापासून येऊ नको."

मिनलला सुटायला सोपी वाट होती. ती वाट तिला लख्ख दिसत होती : कागद घ्यायचा, 'अनोळखी व्यक्तींच्या प्रवेशाबाबत' असं वर लिहायचं. लेकरू आत टाकून बाहेर राहिलेली आई, हे सोसायटीत कोणाला कळणार नव्हतं. उद्धवराव बोलले नव्हते. ते बोलणारही नव्हते.

"ती मी आहे," ती म्हणाली.

"काय वहिनी, चेष्टा करता." दादासाहेब हसले. "तुम्ही कशा असाल? तुम्ही तर कायम गाऊनमध्ये असता."

"हा गाऊनच आहे. आरोही आत अडकली होती."

तिने सगळं सांगितलं. बादलीसकट, कडीसकट. दादासाहेबांचं हसू हळूहळू विरलं, मग त्यांना सेक्रेटरीपण आठवलं. "म्हणजे तुम्ही गाऊनवर ऑफिसात गेलात. मग उद्धवचा हा तिसरा मेमो."

"नाही. कलम एक आणि दोन बघा. विभागलेलं होतं, आवळलेलं होतं. व्याख्येत बसत नाही."

"असं कसं बसत नाही? आणि हा कासोटा... तुम्हाला कुठून येतो हो कासोटा?"

"मला नाही येत." दुपारी कशीबशी सोडवलेली निळी दोरी मिनलच्या हातात होती, ती तिने बोटांना गुंडाळली. "कुशाआजींनी घातला."

हातोडी थांबली. दादासाहेबांनी मोबाइल खिशात ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ती चित्रफीत बघितली. आता ते बाई बघत नव्हते, खोचलेला निऱ्यांचा झोक बघत होते. लहानपणापासून तो त्यांनी पाठीमागून बघितलेला होता, शेताच्या बांधावरून घरी येताना, पुढे चालणाऱ्या आईचा.

"घट्ट मारते ती," ते म्हणाले. "येतो मी."

उद्धवराव दुसऱ्या दिवशी गेटवर होते.

शनिवारी कुशाबाई स्वतः सातव्या मजल्यावर आल्या, लिफ्टने, भिंतीला धरून. आल्या आल्या आरोहीचा मुका घेतला आणि मिनलला म्हणाल्या, "पिंपरीला जाशीला तवा कॅम्पाच्या बाजारातनं मला बी एक आन."

"काय आणू, आजी?"

"गाऊन गं. नऊ वार गुंडाळायचं आता झेपत न्हाई, गुडघं धरत्यात. दादाला किती येळा म्हनलं, तर म्हनतोय पाव्हनं काय म्हनतील. पाव्हनं येत्यात का माझं लुगडं धुवाय?" मग आवाज खाली आणून, "खिसा आसलेला बघ. मिश्रीची डबी ऱ्हायला पायजे."

पुढच्या गुरुवारी वीज नेहमीच्या वेळेला गेली. मिनल आरोहीला कडेवर घेऊन जिन्याने खाली उतरली. अंगात गाऊन होता, पिवळा, चौकटीचा. गळ्यात निळी दोरी होती आणि दोरीला घराची चावी. ती आता अंघोळीलाही ती दोरी काढत नसे, आणि बाथरूमची कडी दिवसातून तीनदा जाऊन बघत असे. ते काही कमी झालं नव्हतं.

पार्किंगमध्ये कुशाबाई बसल्या होत्या. खांबाआड नाही, चांगल्या मधोमध, कॅमेऱ्याखाली. जांभळा गाऊन, पांढरे ठिपके, उजवीकडे खिसा. बी विंगमधल्या चार बायका त्यांच्याभोवती होत्या, चौघी गाऊनमध्ये, आणि त्यांनी मिनलला बसायला जागा केली. उकडत होतं. कुशाबाई एका कडक, चकचकीत चौकोनी पुठ्ठ्याने वारा घेत होत्या. त्याच्या चारी कोपऱ्यांना स्क्रूची भोकं होती.

दादासाहेब जिन्यातून आले. आईकडे बघितलं, तिच्या हातातल्या नोटिशीकडे बघितलं. "उद्धव," ते म्हणाले, "ती नोटीस कुठं गेली?"

"भिजून खराब झाली जी. काढून टाकली."

"लॅमिनेशन होतं ना तिला?"

"व्हय साहेब," उद्धवराव म्हणाले.

दादासाहेब गाडीची चावी शोधत निघून गेले. कुशाबाईंनी व्याख्या उलटी धरली आणि आरोहीला वारा घातला.

उद्धवराव हळूच मिनलजवळ आले. आठवडाभर शिट्टी त्यांच्या मुठीतच होती, घामाने तिच्यावरचा रंग उडाला होता. "मॅडम, ती दोरी परत मिळंल का वो? शिट्टी सारखी पडतीय."

मिनलने गळ्यातली दोरी मुठीत धरली. आरोहीकडे बघितलं. सात मजले वर, जिथून वारा येत होता तिकडे बघितलं.

"नाही, उद्धवराव," ती म्हणाली.

"बरं," उद्धवराव म्हणाले आणि त्यांनी शिट्टी खिशात घातली.